निळं पाणी, ओले पाय आणि वीज : घरचा तलाव बांधताना टाइल्सच्या आधी अर्थिंगचं बोला



दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आपण दरवर्षी शिकतो. फ्यूज म्हणजे काय, अर्थिंग कशासाठी, ओल्या हातांनी बटण का दाबू नये, ही उत्तरं मुलांना पाठ असतात. दोन गुणांचा प्रश्न येतो, दोन गुण मिळतात. पण तोच धडा घरात, शेतात, अंगणात आपल्या समोर येऊन उभा राहतो तेव्हा तो आपल्याला ओळखू येत नाही. आजचा लेख अशाच एका न ओळखलेल्या धड्याबद्दल आहे.

गेल्या काही वर्षांत नाशिकच्या आजूबाजूचं चित्र बदललं. गंगापूर धरणाच्या अंगाला, गिरणारे रस्त्यावर, त्र्यंबक रोडला, तिकडे इगतपुरीकडे, जिथे नुसती द्राक्षबाग आणि पत्र्याची शेड होती तिथे फार्महाऊस उभी राहिली. आणि फार्महाऊस म्हटलं की निळ्या टाइल्सचा छोटा तलाव आलाच. काही जण घरच्यांसाठी बांधतात, काही जण शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतात. शहरातल्या बंगल्यांच्या मागच्या अंगणातही आता असे तलाव दिसतात. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे पाहुण्यांसाठी बांधकामं अजून वाढणार. यात वाईट काही नाही. मुलं पोहायला शिकली तर चांगलंच आहे.

वाईट आहे ते दुसरंच. या तलावांच्या बांधकामात टाइल्सच्या रंगावर चार बैठका होतात आणि वायरिंगवर एकही होत नाही.

शिडीला हात लावला की मुंग्या

एक प्रसंग सांगतो. मे महिन्यात आमच्या नात्यातल्या पंधरा-वीस जणांचं एका फार्महाऊसवर एकत्र जमणं झालं. मुलं सकाळपासून पाण्यात. दुपारी माझी सातवीतली पुतणी काठावर आली आणि म्हणाली, “काका, त्या शिडीला हात लावला ना, की हाताला मुंग्या येतात.”

तिथल्या माणसाला विचारलं. तो हसून म्हणाला, “सर, ते पंप चालू असला की थोडं येतं. काही होत नाही. चालू आहे दोन वर्षांपासून.”

मुलांना मी लगेच पाण्याबाहेर काढलं. थोडी नाराजी झाली. कुणी म्हणालं, मास्तर कुठेही मास्तरच. मी पंपाचा मेन स्विच बंद करायला लावला आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो सातपूरच्या आयटीआयमधून वीजतंत्री झालेला, आता स्वतःची कामं घेतो. तासाभरात आला. पंपाच्या खोलीत जाऊन त्याने जे दाखवलं ते असं : पंपाच्या बॉडीला लावलेली हिरवी वायर बोर्डापर्यंत आली होती आणि तिथे टेप गुंडाळून सोडून दिली होती. पुढे ती कशालाच जोडलेली नव्हती. मोटारीत ओल शिरून थोडी गळती सुरू झाली होती. मोटारीची बॉडी लोखंडी चौकटीवर, चौकटीला टेकलेला पाइप, पाइपाला टेकलेली शिडी. आणि बोर्डात गळती ओळखणारं उपकरणच नव्हतं.

“सर,” तो म्हणाला, “मुंग्या आल्या म्हणून कळलं. एकदम आली असती तर कळवायला कोणी राहिलं नसतं.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणून हा लेख.

पाण्यात धक्का वेगळा का असतो?

आता थोडं गणित करू. ओहमचा नियम सर्वांना माहीत आहे : धारा म्हणजे विभवांतर भागिले रोध.

कोरड्या त्वचेचा रोध काही हजार ओहम असू शकतो. त्वचा भिजली की तो झपाट्याने कमी होतो. हिशेबासाठी ओल्या शरीराचा रोध 1000 ओहम धरा, प्रत्यक्षात तो याहूनही कमी असू शकतो. घरातला दाब 230 व्होल्ट. म्हणजे शरीरातून धारा जाईल 230 ÷ 1000 = 0.23 अँपिअर, म्हणजेच 230 मिलिअँपिअर.

हा आकडा किती मोठा आहे? एक मिलिअँपिअरच्या आसपास आपल्याला झिणझिण्या जाणवतात. दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडू लागतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. पन्नास-शंभर मिलिअँपिअर छातीतून काही क्षण गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. आपला हिशेब 230 चा आहे.

पण तलावात एवढंही लागत नाही. जमिनीवर उभ्या माणसाचे स्नायू क्षणभर आखडले तर तो ओरडेल, खाली पडेल, बाजूला होईल. पाण्यातल्या माणसाचे हातपाय क्षणभर चालले नाहीत तर तो बुडेल. जी धारा जमिनीवर नुसती घाबरवून सोडते, ती पाण्यात जीव घेऊ शकते. शिवाय अशा वेळी अंगावर भाजल्याची खूण बहुधा राहत नाही. लोक म्हणतात, “चांगला पोहणारा होता, कसा काय बुडाला कोण जाणे.” विजेचा संशयसुद्धा येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने देशभरात दरवर्षी बारा हजारांहून जास्त मृत्यू दिसतात. बुडण्याच्या खात्यात गेलेले असे मृत्यू त्यात येणारच नाहीत.

“आमच्याकडे एमसीबी आहे की!”

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचाच तास घेतो.

एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. आपल्या हिशेबातल्या माणसातून जाणारी धारा 230 मिलिअँपिअर. म्हणजे एकाच वेळी सत्तर माणसांना धक्का बसला तरी हा एमसीबी जागचा हलणार नाही! त्याच्या दृष्टीने एक छोटा बल्ब लागलाय, एवढंच.

मग लोक म्हणतात, “अर्थिंग केलंय ना.” ठीक. त्याचंही गणित बघू. गावाकडे, मळ्यात, बहुतेक घरांचा भरवसा स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्यावरच असतो. समजा त्या खड्ड्याचा रोध 20 ओहम आहे. मोटारीची बॉडी फेजला चिकटली. सोयीसाठी बाकीचे रोध सोडून देऊ. जमिनीत धारा जाईल 230 ÷ 20 = 11.5 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी यावर पडेल का? नाही पडणार. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि मोटारीची बॉडी तरीही जिवंतच आहे. मीटर मात्र जोरात पळतंय.

आता नाशिकची जमीन आठवा. वर थोडी माती किंवा मुरूम, खाली काळा बेसाल्ट खडक. खड्डा खोल जात नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते, तशी अर्थिंगची ताकद कमी होते. कोळसा-मीठ टाकलेल्या खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि तलाव सगळ्यात जास्त कधी वापरतात? एप्रिल-मेमध्येच! अर्थिंग सर्वांत दुबळं असतं तेव्हाच मुलं पाण्यात असतात.

तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी

यावरचा उपाय जुना आहे आणि बाजारात मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. आपल्याकडचे जुने वायरमन अजूनही ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम अगदी किराणा दुकानदाराच्या वहीसारखं आहे. फेजमधून जेवढी धारा गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे मधे कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी शरीरातून, वीज जमिनीत चालली आहे. त्या क्षणी तो पुरवठा तोडतो. एवढ्या गळतीला 0.3 सेकंदाच्या आत, आणि गळती पाचपट असेल तर 0.04 सेकंदाच्या आत.

याचा इतिहास पोहण्याच्या तलावाशी जोडलेला आहे. अमेरिकेत बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल नावाचे प्राध्यापक होते. किती धारेपर्यंत माणूस धरलेली वस्तू सोडू शकतो, याचे प्रयोग त्यांनी स्वयंसेवकांवर केले. सरासरी आली पुरुषांसाठी सुमारे 16 आणि स्त्रियांसाठी साधारण 10.5 मिलिअँपिअर. या अभ्यासातून पुढे 1961 मध्ये त्यांनी काही मिलिअँपिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण तयार केलं. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत ते पहिल्यांदा सक्तीचं झालं 1968 मध्ये. आणि कशासाठी? स्वयंपाकघरासाठी नाही, न्हाणीघरासाठीही नाही. तलावाच्या पाण्याखालच्या दिव्यांसाठी! सगळ्यात आधी संरक्षण कुठे हवं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, 2010 च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या, गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाची तरतूद आहे. वायरिंगसाठी आयएस 732 आणि अर्थिंगसाठी आयएस 3043 ही भारतीय मानकं आहेत. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. ते तलावाच्या काठापर्यंत पोचत नाहीत, हे दुखणं आहे.

आरसीसीबीविरुद्ध नेहमीची तक्रार : “सारखं ट्रिप होतं हो, वैतागून काढून टाकलं.” माझं मत स्पष्ट आहे. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून आपण त्याला हाकलत नाही, बाहेर जाऊन बघतो. ट्रिप होतंय म्हणजे गिझरच्या कॉइलमध्ये, पंपात किंवा एखाद्या जोडात ओल आहे. ती शोधायची. सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावला की एका गळतीने घर अंधारात जातं, आणि मग माणूस तो काढून टाकतो. म्हणून तलावाचा पंप, तलावाचे दिवे आणि कपडे बदलण्याची खोली यांना वेगवेगळे लावा. एकाची किंमत दोन-तीन हजार रुपयांच्या घरात असते. तलावाच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. आरसीसीबीवर ‘टेस्ट’चं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघावं. पण त्याने फक्त आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग तपासलं जात नाही. ते मीटर लावूनच मोजावं लागतं. आणि कुणी एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली आणि जमिनीकडे गळतीच झाली नाही, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही. म्हणून ‘आरसीसीबी आहे’ हे निष्काळजीपणाचं लायसन नव्हे.

तारेवरचा कावळा आणि तलावाची शिडी

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. विजेच्या तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही. का? कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. धक्का दाबामुळे बसत नाही, दाबातल्या फरकामुळे बसतो.

तलावातही हेच तत्त्व वापरतात. शिडी, कठडा, काँक्रीटमधली सळई, काठाच्या लादीखालची जाळी, पंपाची बॉडी, लोखंडी पाइप, या सगळ्या धातूच्या वस्तू तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडून टाकायच्या आणि ती तार अर्थिंगला न्यायची. याला बाँडिंग म्हणतात. उघडी तार असेल तर जाडी किमान 4 चौरस मिलिमीटर हवी. मग कुठूनही दाब आला, अगदी शेजारच्या मळ्यातल्या बिघाडाने जमिनीतून आला, तरी तलावातली प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच दाबावर राहते. पाण्यातला माणूस कावळ्यासारखा सुरक्षित राहतो.

गंमत अशी, की हे काम टाइल्स बसण्याआधी करायचं असतं. सळई काँक्रीटमध्ये गाडली गेली की पुन्हा हात लागत नाही. वायरमनला आपण कधी बोलावतो? सगळं झाल्यावर, “दिवे तेवढे लावून दे” म्हणून. तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून मी म्हणतो, गवंड्याच्या आधी वायरमनशी बोला.

दोरी घ्या आणि मोजा

आंतरराष्ट्रीय वायरिंग नियमांत तलावाभोवतीच्या जागेचे तीन भाग पाडले आहेत. ते घरच्या दोरीनेही मोजता येतात.

पहिला भाग, ज्याला शून्य क्षेत्र म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष पाण्याची जागा. इथे फक्त 12 व्होल्टपर्यंतचा एसी पुरवठा, तोही खास सुरक्षा ट्रान्सफॉर्मरमधून. दिवासुद्धा पाण्याखाली कायम राहण्यासाठीच बनवलेला हवा.

दुसरा भाग म्हणजे क्षेत्र एक. काठापासून बाहेर 2 मीटर आणि उंचीला 2.5 मीटर. इथे साधा सॉकेट नको, स्विचबोर्ड नको, एक्स्टेन्शन तर नकोच नको.

तिसरा भाग म्हणजे क्षेत्र दोन. त्याच्या पुढचं दीड मीटर. इथे सॉकेट द्यायचाच असेल तर 30 मिलिअँपिअरच्या संरक्षणासह. माझा सल्ला विचाराल तर या साडेतीन मीटरमध्ये सॉकेट देऊच नका. साडेतीन मीटर चालून जायला कुणाचे पाय दुखत नाहीत.

बंगल्याच्या मागच्या अंगणात हे मोजलं तर एक गोष्ट लगेच लक्षात येते : कपडे बदलण्याची खोली बहुतेक वेळा या साडेतीन मीटरच्या आतच असते. मधे भिंत असली तर ठीक, पण दार उघडंच असतं, आणि अंतर दारातून वळवून मोजायचं असतं.

12 व्होल्टबद्दलही एक इशारा. बाजारात स्वस्त एलईडी ड्रायव्हर मिळतात. बाहेर 12 व्होल्ट देतात, पण आतून 230 व्होल्टची बाजू पुरेशी वेगळी केलेली असेलच असं नाही. बिघडल्यावर तो 230 व्होल्ट सरळ पाण्यात पाठवू शकतो. ट्रान्सफॉर्मर सुरक्षा-विलगीकरणाचा हवा, आणि तो वर सांगितलेल्या भागांच्या बाहेर, कोरड्या जागी बसवायचा.

ती छोटी खोली

तलावाकडे निदान लोक बघतात तरी. कपडे बदलण्याच्या खोलीकडे कुणीच बघत नाही. खरं तर ओला माणूस, अनवाणी पाय, ओली फरशी आणि 230 व्होल्ट ही चौकडी तिथेच एकत्र येते. गिझर तिथे, आरशावरचा दिवा तिथे, केस वाळवायचं यंत्र तिथे, आणि आता मोबाइलचा चार्जरही तिथेच.

आपल्याकडची एक खास सवय म्हणजे ओले कपडे वाळत घालायला लोखंडी तार. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं बोर्डाशेजारच्या खिळ्याला. वायरचं आवरण त्या तारेला घासलं, की ओला टॉवेल घालणाऱ्याच्या हातात फेज. नायलॉनची दोरी बांधा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तसंच भिंतीत हुक ठोकताना आतून वायरची नळी गेलीय का, हे आधी बघा.

या खोलीचा स्विचबोर्ड बाहेर, कोरड्या बाजूला. गिझरला स्वतंत्र अर्थची वायर, दोन पोलचा स्विच आणि आरसीसीबी. आणि दाराशी कोरडं पायपुसणं. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

शेतकऱ्याकडून शिकण्यासारखं

आपल्या जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार वर्षभर पाणी आणि वीज एकत्रच हाताळतो. शेततळं, मोटार, स्टार्टर, थ्री फेज, सगळं रोजचं. तरी जाणता माणूस स्टार्टरला ओला हात लावत नाही, पायात चप्पल घातल्याशिवाय बटण दाबत नाही. विजेचा धाक त्याला असतो. तोच माणूस मळ्यात तलाव बांधतो, तेव्हा मात्र हा धाक विसरतो. कारण मोटार हे काम आहे आणि तलाव ही मजा आहे. मजेत धोका असेल असं मनाला वाटत नाही.

हळदी, वाढदिवस, गेट-टुगेदर यांच्या वेळी तर कहरच. तलावाभोवती रोषणाईच्या माळा, डीजेचे स्पीकर, काठावर एक्स्टेन्शन बोर्ड. मंडपवाला दुपारी येतो, आकडा टाकावा तशी वायर ओढतो आणि निघून जातो. माझं मत : ज्या दिवशी तलावाभोवती तात्पुरती वायर आहे, त्या दिवशी पाण्यात कुणी उतरायचं नाही. दोन्हीपैकी एकच. तसंच तलाव उपसायला टिल्लू पंप पाण्यात सोडला असेल, तर पाण्यात माणूस नको.

इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर त्यावर चालतानाही आरसीसीबी काम करतो का, हे वायरमनकडून मुद्दाम तपासून घ्या. लाईट गेल्यावर संरक्षणही जाता कामा नये.

दोष कुणाचा?

असं काही घडलं की सगळे वायरमनकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी विचारलं, “तुम्ही लोक हिरवी वायर अशी सोडता कशी?” त्याने शांतपणे सांगितलं, “सर, मालक विचारतो पॉइंटचे किती. पॉइंटच्या भावात अर्थिंग बसत नाही. अर्थिंगचे वेगळे मागितले तर दुसरा वायरमन आणतो.”

उत्तर कडू होतं, पण खोटं नव्हतं. जे दिसतं त्याचे पैसे आपण देतो. दिवा लागला, पंप फिरला, काम झालं. हिरव्या वायरने काहीच लागत नाही, काहीच फिरत नाही. ती काम करते तो दिवस येऊ नये म्हणूनच ती असते. अशा गोष्टीसाठी पैसे द्यायला जे शहाणपण लागतं, ते शाळेतच यायला हवं होतं. इथे दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. अर्थिंगची आकृती आम्ही काढून घेतली, पण घरी जाऊन बोर्डात आरसीसीबी आहे का ते बघून या, असं कधी सांगितलं नाही.

दुसरी गळती व्यवस्थेत आहे. घराचं नवं कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो. तलाव मात्र बहुधा नंतर बांधला जातो, जुन्याच कनेक्शनवर. मग कुठला टेस्ट रिपोर्ट आणि कुठली तपासणी! जिथे पाहुण्यांकडून पैसे घेऊन तलाव वापरायला दिला जातो, तिथे तरी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, परवानाधारक ठेकेदाराने अर्थिंग मोजून लिहून दिलेला कागद काठावर लावलेला असावा. ‘पाण्यात उतरताना टोपी घाला’ ही पाटी जिथे लागते, तिथे ही दुसरी पाटी का लागू नये? आणि पाहुण्यांनीही बुकिंग करताना जेवणात काय आहे हे विचारतो तसंच हेही विचारावं. दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी मालक स्वतःच लावेल.

पाण्यात मुंग्या आल्या तर

हा भाग मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.

1. पाण्यात किंवा शिडीला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर ओरडून सगळ्यांना सांगा. “भास झाला असेल” म्हणू नका.
2. दिव्यापासून आणि धातूच्या शिडीपासून लांब व्हा. शिडी न धरता, दुसऱ्या बाजूच्या काठावरून बाहेर या.
3. कुणी पाण्यात निश्चल दिसलं तर उडी मारू नका. आधी मेन स्विच बंद. वाचवायला गेलेलाही जातो, हे अशा अपघातांचं सगळ्यात वाईट रूप आहे.
4. मेन बंद होईपर्यंत काठावर राहून कोरडा बांबू, प्लॅस्टिकची नळी किंवा तरंगती रिंग पुढे करा. धातूचा दांडा नको.
5. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच 108 किंवा 112 ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसात सुमारे 5 सेंटिमीटर खोल. शिकलेलं असेल तर तोंडाने श्वासही द्या.

आणि यासाठी मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी लहान मुलांनाही, माहीत हवं. कुलूप लावलेल्या पंपाच्या खोलीतला मेन स्विच काय कामाचा?

शेवटी

त्या फार्महाऊसवर पुढे काय झालं, असं विचाराल. माझ्या विद्यार्थ्याने त्याच संध्याकाळी हिरवी वायर जोडली, पंपाला आरसीसीबी बसवला. बसवल्या बसवल्या तो ट्रिप झाला. मालक म्हणाला, “बघा, आता पंपच चालेना.” विद्यार्थी म्हणाला, “शेठ, दोन वर्षं हाच पंप मुलांना मुंग्या देत होता. आता तो तुम्हाला सांगतोय.” मोटार खोलून दुरुस्तीला गेली. शिडी आणि पाइप तांब्याच्या तारेने जोडले. सळईपर्यंत मात्र पोचता आलं नाही, ती काँक्रीटच्या आत गेली होती. ते काम राहिलंच.

पुतणी मात्र त्या दिवसापासून कुठल्याही तलावावर गेली की आधी बोर्ड उघडायला लावते. घरचे तिला हसतात. मी हसत नाही. दहावीचा तो धडा तिला सातवीतच कळला आहे.

विचार करा आणि करून बघा

1. आज घरी गेल्यावर बोर्डात आरसीसीबी आहे का ते मोठ्यांना सोबत घेऊन बघा. त्यावर किती मिलिअँपिअर लिहिलं आहे?
2. अर्थिंगचा रोध 10 ओहम असेल तर 230 व्होल्टला किती धारा जमिनीत जाईल? 32 अँपिअरचा एमसीबी त्यावर पडेल का?
3. तारेवर बसलेल्या कावळ्याला धक्का बसत नाही, पण त्याच तारेला पतंगाच्या ओल्या दोऱ्याने स्पर्श करणाऱ्या मुलाला बसतो. कारण आपल्या शब्दांत लिहा.
4. ‘जे दिसत नाही त्याचे पैसे कोण देणार?’ या वाक्यावर घरी चर्चा करा.